तीन किकांचा नियम

चामराजपेटेत बिंदुमाधवरावांच्या घरी एक नियम होता. दसऱ्याच्या आयुधपूजेला बुलेट धुवायची, हार घालायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि घरातल्या ज्याला तीन किकांत ती सुरू करता येईल त्यानंच लिंबांवरून पुढे काढायची. मग वर्षभर गाडी त्याची. पासष्ट साली त्यांच्या वडिलांनी गाडी आणली तेव्हाचा हा नियम, म्हणजे वेदवाक्यच की! त्यावर कुणी ब्र काढायची सोय नव्हती.

चाळीस वर्षं हा मान बिंदुमाधवरावांनी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. मग गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, हात वाचले, उजवा पाय तेवढा रुसला. पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय कुठे! काठी टेकत रोज गाडीपाशी जायचे, फडकं मारायचे, आणि कुणी बघत नाहीसं पाहून किकवर पाय ठेवायचे. किक अर्ध्यातच अडायची. त्यात महादेवपुऱ्याला राहणारा पुतण्या अजिंक्य फोनवर म्हणाला, "काका, यंदा आयुधपूजेला मी येतो. नियम तर तुमचाच आहे." पोरगं चूक काहीच बोललं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

"देऊन टाका की त्याला," त्यांच्या पत्नी अहल्याबाई म्हणाल्या. "त्या लोखंडापायी दुसराही पाय मोडून घ्याल."

"मी मेल्यावर ने म्हणावं."

"शुभ बोला हो!"

संहिता जेवता जेवता ऐकत होती. ही त्यांची एकुलती एक लेक, त्रेचाळीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय बारीक झाला. कॅलिपर लावून चालायची, आणि बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन सगळं गाव पालथं घालायची. शनिवारी ती नंदू मेस्त्रीला स्वतः घेऊन आली.

"अप्पांच्या पायाला जमेल अशी किक करून द्या," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

नंदू आपल्यातलाच, बापापासून जुन्या बुलेटींचं काम करणारा. त्यानं किकचा दांडा चार बोटं लांब केला, पाय ठेवायला रुंद पट्टी जोडली, किक उलटी मारू नये म्हणून इंजिनाचं टायमिंग लावलं. डाव्या हँडलला एक छोटा खटका असतो, तो दाबला की इंजिनातला दाब सुटतो. हा खटका बिंदुमाधवरावांच्या वडिलांनी कधीच काढून फेकला होता. ज्याच्या पायात जोर नाही त्यानं सायकल चालवावी, म्हणायचे. नंदूनं नवा बसवला. शेवटी गाडीशेजारी वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवला.

"अण्णा, ह्याच्यावर चढा. लाथ मारायची नाही. खटका दाबून किक स्वल्प खाली न्या. सोडा, वर येऊ द्या. आता खटक्यावरचा हात काढा नि नुसतं अंग टाका."

बिंदुमाधवरावांनी अंग टाकलं आणि गाडी धडधडू लागली. म्हातारा लहान मुलासारखा हसला! डोळे पुसत, गंमत म्हणून त्यांनी विचारलं, "हे सगळं नवीन निघालंय का रे?"

"ह्यात कसलं नवीन? सत्याऐंशी साली माझ्या बापानं एका पोस्टमनला करून दिलं होतं. त्याचा पाय पोलिओचा. कॅलिपरनं गुडघा ताठ असला की उलट बरंच, वजन सरळ उतरतं. सकाळी गाडी आणली, दुपारी घेऊन गेला." नंदू पाने पुसत होता. "तुम्ही कधी विचारलंच नाही, अण्णा."

तो बिचारा सहज बोलला. बिंदुमाधवरावांना मात्र जुनं काही आठवलं. संहिता सोळा वर्षांची असताना आयुधपूजेला हट्टानं पुढे आली होती. मला पण तीन किका द्या, म्हणाली. दोन फुकट गेल्या. तिसरीला किकनं उलटा झटका दिला, पोर फरशीवर आपटली, हनुवटी फुटली. चुलत भावंडं हसली. रक्त पुसत ती म्हणाली, "अप्पा, अजून एकदाच." आणि हा बाप काय म्हणाला? नियम म्हणजे नियम. तिच्यादेखत एका लाथेत गाडी सुरू केली आणि लिंबं फोडली. तेव्हापासून पूजेच्या वेळी संहिताला नेमकं बाहेर काम निघायचं. पोर ते विसरली असं ते धरून चालले होते, कारण तेच सोयीचं होतं.

त्यांनी सगळं अहल्याबाईंना सांगितलं.

"बैल गेला नि झोपा केला," त्या म्हणाल्या. "आता तिला सांगून काय होणार? जुनी जखम उकरू नका."

पूजेच्या दिवशी अजिंक्य आला. संहिताही थांबली होती, बापाची किक बघायला. बिंदुमाधवराव ठोकळ्यावर चढले आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. अजिंक्यनं टाळ्या वाजवल्या, पाया पडला. आता गाडी पुढे काढायची, एवढंच उरलं होतं. त्यांनी ती बंद केली.

"संहिता, ये."

"मला नको, अप्पा."

"माझ्यासाठी ये."

ती नाइलाजानं ठोकळ्यावर चढली. त्यांनी सांगितलं तसा खटका दाबला, सोडला, कॅलिपरची कळ अडकवून गुडघा ताठ केला आणि अंग टाकलं. गाडी सुरू झाली. पहिल्याच किकला! अजिंक्य ओरडला, अहल्याबाईंनी हात जोडले. संहिता पण हसली, क्षणभरच. मग तिनं ठोकळ्याकडे पाहिलं, त्या लांब दांड्याकडे पाहिलं.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.

खोटं बोलायला वाव होता. नवीन तंत्र आहे म्हणाले असते तर पोरीनं मानलं असतं. अहल्याबाई डोळ्यांनी तेच विनवत होत्या.

"एवढंच होतं," बिंदुमाधवराव म्हणाले. "तेव्हाही जमलं असतं. नंदूच्या बापानं अर्ध्या दिवसात केलं असतं. मी विचारलंच नाही, पोरी. नियमाचा मोठेपणा मिरवत बसलो. चुकलो मी."

संहितानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मला सत्तावीस वर्षं वाटत होतं, माझंच कुठेतरी कमी पडलं," ती म्हणाली. "त्या दिवसानंतर किती गोष्टींना मी आधीच नाही म्हणाले, तुम्हाला माहीतसुद्धा नाही अप्पा. कॉलेजच्या सहली, परदेशातली नोकरी. लग्नाचं विचारायला आलेला एक चांगला मुलगा."

"अगं, गाडी पुढे तरी काढ," अहल्याबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"नको, आई. आता नको."

ती गाडीला धरून ठोकळ्यावरून उतरली आणि घरात गेली. तिला हाक मारावी असं बिंदुमाधवरावांना फार वाटलं, पण हाक मारून बोलायचं काय? ते ठोकळ्यावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. बऱ्याच वेळानं अजिंक्यनं हळूच विचारलं, "काका, गाडी आत घेऊ का?" त्यांनी होकारार्थी मान हलवली.