अस्तरातल्या पाच शिवणी

आमच्या घरात कुणी जाड झालं किंवा बारीक झालं असं बोलायची सोय नव्हती. बाबांचा तो दंडकच होता. शिंप्याने माप घ्यावं, आकडा लिहावा आणि तोंड बंद ठेवावं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तरी हू की चू नाही, खांदे उतरले तरी नाही. मी नऊ वर्षांची असताना एका बाईंना "काकू, केवढ्या फुगलात तुम्ही!" म्हणाले, तर बाबांनी मला आठवडाभर बटणांच्या डब्यापाशी बसवलं होतं. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. माझ्या जिभेला हाड नाही, ही घरातली तक्रार तेव्हापासूनची.

दंडकाचा दुसरा भाग मात्र गिऱ्हाइकांना कधीच कळला नाही. कुणी बटण लावायला, कुणी चेन बदलायला कपडा आणून टाकायचं. बाबा त्या माणसाकडे एकदाच वरपासून खालपर्यंत बघायचे आणि बटणाबरोबर बाजूच्या शिवणीही गुपचूप सैल नाहीतर घट्ट करून द्यायचे. त्यासाठी शिवतानाच आत जादा कापड सोडलेलं असतं. आम्ही त्याला माया म्हणतो. त्यावर कुणी कविता करू नये, ते नुसतं कापड असतं. शाळेच्या मुख्याध्यापिका दरवर्षी त्यांचा राखाडी स्कर्ट खालची दुमड नीट करायला आणत आणि आरशासमोर उभ्या राहून म्हणत, "बघा, कॉलेजातला स्कर्ट अजून होतो मला!" शेवटी शेवटी त्यात सोडायला काही उरलंच नाही, तेव्हा बाबांनी दोन्ही बाजूंना त्याच रंगाची पट्टी घातली. बाईंना पत्ता नाही. त्या दिवशी बाई दुकानातून बाहेर पडल्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. आई तर सगळ्यात जास्त हसली होती.

आई टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. कचेरीचा गणवेश म्हणजे गडद निळा कोट, आणि तो अर्थातच बाबांच्या हातचा. खिडकीच्या चौकटीतून तिचा दिसायचा तो कोटच. टोपीवाल्या पोस्टमनपासून साहेबापर्यंत सगळे म्हणायचे, कपडा अंगाला बसावा तर असा. आई हे घरी येऊन बाबांना सांगायची आणि बाबा कानावर हात ठेवायचे, पण चहात साखर एक चमचा जास्त घालून घ्यायचे.

आईला जाऊन चौदा महिने झाले.

त्याच्या आदल्या वर्षी तिने तीन दाढा काढून घेतल्या होत्या. गाल आत गेले. आम्ही म्हणालो, दाढा गेल्या की गाल जाणारच. ती म्हणायची, थकायला होतंय. आम्ही म्हणालो, वय झालं, दिवसभर खिडकीवर बसणं काही चेष्टा नाही. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो, त्याने फोनवर टॉनिक सुचवलं. मी ते आणलं. रोज संध्याकाळी चमचाभर. आपण काहीतरी केलं असं वाटण्यापुरतं ते पुरलं.

मग एक दिवस ती खिडकीवरच चक्कर येऊन पडली आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिने विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?"

"वजन?" आई म्हणाली. "नाही हो. कपडे जसेच्या तसे बसतात मला. आमच्या घरात शिंपी आहे, सैल झाले असते तर कळलं नसतं का?" आणि तिने हसून बाबांकडे बघितलं.

बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, घाबरलेत.

डॉक्टरणीने आईला काट्यावर उभं केलं. दोन वर्षांपूर्वीच्या कचेरीतल्या तपासणीचा कागद आईच्या पर्समध्ये होता. अकरा किलो कमी. नंतर डॉक्टरीण मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "सहा-सात महिने आधी आला असता, तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते." त्यानंतर आई नऊ आठवडे होती. त्या नऊ आठवड्यांबद्दल मी काही लिहिणार नाही.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. "ताईचा तो निळा कोट मला दे. कपाटात टांगून ठेवून काय करणार आहेस?" मावशी आईची धाकटी बहीण, पण अंगाने आईच्या दीडपट. मी म्हणाले, सैल करून देते. माझ्यासाठी ते अर्ध्या तासाचं काम होतं. लग्नाचं माझं जमलं नाही आणि मी ते जमवूनही घेतलं नाही, त्यामुळे वीस वर्षं मी बाबांच्या समोरच्या मशिनवर बसते. सकाळची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. मी कोट उलटा केला, खालून अस्तराचे टाके उसवले आणि बाजूची शिवण उघडी केली.

आत एक शिवण असायला हवी होती. पाच होत्या.

लोकरीच्या कापडातले जुने टाके काढून ते वाफेवर नीट दाबलेलं होतं, तिथे काही कळलं नसतं. पण अस्तरातले टाके काढायचा कंटाळा केला होता, किंवा वेळ मिळाला नव्हता. पाच रेघा, एकीच्या आत एक, शेजारी शेजारी. प्रत्येक वेळी दोऱ्याचं रीळ वेगळं, म्हणून निळा रंगही जरा जरा वेगळा. प्रत्येक रेघेच्या टोकाला, काखेपाशी, हाताने घातलेले तीन टाके. मशिनवर भरवसा नाही म्हणून असे तीन टाके घालणारा माणूस मला एकच माहीत आहे. सगळ्यात जुनी शिवण आणि सगळ्यात आतली शिवण यांच्यामध्ये मी बोटं ठेवून बघितली. दोन बोटं मावली. पुढचा भाग, मागचा भाग, दोन्ही बाजू धरून घेरात आठ बोटं.

अकरा किलो कुठे गेले होते, ते मला समजलं. ते या अस्तरात होते.

बाबा आतल्या टेबलावर इस्त्री करत होते. मी कोट त्यांच्यापुढे टाकला. "हे कधी केलंत?"

त्यांनी इस्त्री उभी केली. कोटाकडे बघितलं, चष्मा काढला. "पहिल्यांदा ती बटण लावून घ्यायला आली होती तेव्हा."

"ती काही बोलली नाही?"

"बोलली ना. म्हणाली, अहो, कोट सैल वाटतोय का हो जरा? मी म्हणालो, कापड ताणलं असेल, बघतो."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी तिने विचारलंच नाही. रविवारी ती आंघोळीला गेली की मीच घेऊन बसायचो."

"चारदा?"

"चारदा."

मग मी तोंड सोडलं. "बाबा, पाव बोटाचा फरक तुम्हाला रस्त्याच्या पलीकडून दिसतो! जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण तुम्हाला कळत होतं. टेप तुमच्या गळ्यात होती!"

"तिची आई अशीच वाळत वाळत गेली," बाबा म्हणाले. "तुला आठवत नाही, तू लहान होतीस. तुझ्या आईने कोट सैल झालेला बघितला असता, तर त्याच क्षणी ओळखलं असतं. तिचा तो चेहरा मला बघवला नसता. मला वाटायचं, या वेळी आत घेतला की थांबेल. प्रत्येक वेळी वाटायचं."

"म्हणजे तिच्यासाठी नाही केलंत. स्वतःसाठी केलंत."

"हो."

"तुम्ही मारलंत तिला."

"हो," बाबा म्हणाले.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. शब्दाने शब्द वाढला असता, मी दार आपटून बाहेर गेले असते, संध्याकाळी काहीतरी ठरलं असतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि इस्त्रीखालची बाही पूर्ण केली. तिची घडी अगदी सरळ पडली होती.

तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. समोरासमोर मशिनवर बसायचं, कात्री हवी असली तर उठून घ्यायची. त्यांचं ताट वाढून ठेवायचं आणि आपण नंतर जेवायचं. दादाचा फोन आला, तेव्हा मी मूग गिळून बसले. मावशीला सांगितलं, कोटाला वेळ लागेल. दोघांना सांगितलं असतं तर दोघांनी बाबांना उभं-आडवं घेतलं असतं, आणि मला तेच हवं होतं. तरी सांगवेना. कारण दोघांपैकी कुणीतरी नक्की विचारलं असतं, तू काय करत होतीस? मी रोज आईच्या समोर बसून जेवत होते. मीही शिंपीणच आहे. मी कोट बघायचे, चांगला बसलाय म्हणायचे, आणि कोटातल्या बाईकडे बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी मी धुतलेल्या कपड्यांना इस्त्री करत होते. बाबांची तपकिरी पँट हातात आली. कमरेची पट्टी उलटी केली, तर मागच्या मधल्या शिवणीत हिरवट दोरा दिसला. तपकिरी रीळ संपलं होतं म्हणून मीच तो लावला होता, एवढं मला लगेच आठवलं. त्याच्या आत आणखी एक शिवण होती, तपकिरी दोऱ्याची. तीही माझीच.

मी कपाट उघडून बाकीच्या दोन पँटी काढल्या. दोन्हींना तसंच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा पँट खाली घसरताना दिसली होती. मी तिन्ही धुवायच्या ढिगातून उचलल्या आणि आत घेतल्या. मग महिन्याभरापूर्वी पुन्हा. बायको गेलेला माणूस जेवतो कमी, असं मी मनाशी म्हणाले असेन. खरं तर तेवढंही म्हणाले नाही. हात आपोआप चालला. बाबांना मी एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि मला लहानपणापासून हेच शिकवलं गेलं होतं.

मी उसवणी घेतली आणि तपकिरी पँटच्या दोन्ही शिवणी काढून टाकल्या. एका ठिकाणी कापड फाटलं. फाटू दे. मूळच्या मापाला एक कच्चा टाका घातला आणि पँट बाबांसमोर धरली. "ही घाला. आपल्याला दवाखान्यात जायचंय."

तीन दिवसांत त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी पँटची कंबर बोटांनी चाचपली. आत गेले आणि बाहेर आले, तेव्हा कंबर मुठीत धरलेली होती.

"पट्टा देतेस?"

"पट्टा नाही," मी म्हणाले. "असेच चला."

दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे. ऐन अकराची वेळ, रस्त्यावर निम्मं गाव ओळखीचं, आणि सगळ्यांच्या अंगावर आमच्याच हातचे कपडे. बाबा डाव्या मुठीत पँट धरून चालत होते. उजव्या हाताने लोकांच्या नमस्कारांना उत्तर देत होते. मला त्यांची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा राग आला, पण मी पट्टा आणायला मागे फिरले नाही. बेकरीपाशी मुख्याध्यापिका भेटल्या. आता निवृत्त झाल्यात, काठी घेऊन चालतात.

"अहो मास्तर!" त्या भररस्त्यात ओरडल्या. "पँट सुटतेय तुमची! काय हे, किती वाळलात!"

आयुष्यभर बाबांनी जे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं, ते बाईंनी त्यांना बेकरीसमोर ऐकवलं. बाबा थांबले. मान हलवून म्हणाले, "हो बाई. वाळलोय." आणि पुढे चालायला लागले. मी त्यांचा दंड धरला. बाहीच्या आत दंड शोधावा लागला.

डॉक्टरीण तीच होती. तिने आम्हाला ओळखलं, खुर्च्या दाखवल्या आणि कागद पुढे ओढला. "काय होतंय, काका?"

"थकायला होतं," बाबा म्हणाले.

"वजन कमी झालंय का? कपडे वगैरे सैल वाटतात?"

बाबा उभे राहिले. त्यांनी मूठ सोडली. पँट कमरेवरून घसरून खुब्याच्या हाडांवर अडकली. बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. गिऱ्हाइकाचं माप सांगतात तशा आवाजात ते म्हणाले, "सहा बोटं. हिने दोनदा आत घेतली. उन्हाळ्यात तीन बोटं, मागच्या महिन्यात तीन. मला कळलं होतं तेव्हाच."

डॉक्टरणीने ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघत होते.