सोमाजीच्या वाटणीचा उपास

रुखमाबाईच्या घरची एक रीत होती आणि ती तिच्या सासूच्याही आधीपासूनची. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घरी आलं की सगळ्यांनी ताटावर बसायचं आणि प्रत्येकानं आपल्या तोंडानं सांगायचं, ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस मी अमुक खाणार नाही. सोडायचं ते आवडीचंच. नावडतं सोडून देवाला फसवायला जाऊ नये, असं सासू म्हणायची. आणि एकदा बोललं की बोललं. सिंदेवाहीजवळच्या त्या गावात ख्रिस्ती घरं सहाच, पण एवढं हट्टी घर हेच एक.

तिच्या नवऱ्यानं, सोमाजीनं, आजवर चहा सोडला, गूळ सोडला. एका वर्षी मोठ्या तोऱ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला आणि तिसऱ्याच दिवशी तणसाच्या ढिगामागे गाल फुगवून बसलेला सापडला. झिंगे मात्र त्यानं कधी सोडले नाहीत. तलावातले बारके झिंगे वांग्यात शिजवले की हा माणूस दोन ताटं भात जेवायचा आणि वर भांडं पुसून खायचा. मार्चात तलाव आटायला लागतो, झिंगे टोपल्यांनी निघतात, आणि नेमके तेव्हाच उपासाचे दिवस. शुक्रवारी मटण चालत नाही, मासळी चालते. मग काय, दर शुक्रवारी झिंगे. गोंडपिपरीला नोकरी करणारा मुलगा अंकुश त्या दिवशी हमखास घरी यायचा. संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करून आले की तिघं एकत्र जेवायचे. "उपास आहे का बारसं?" असा टोमणा मारत रुखमाबाई वाढायची, आणि पुन्हा वाढायची.

यंदा सोमाजीच्या तोंडातला आजार गालातून गळ्यात उतरला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी अंकुशला बाजूला घेऊन सांगितलं की आता आमच्या हाती काही नाही, घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. अंकुशनं आईला त्यातलं निम्मंच सांगितलं. "डॉक्टर म्हंते, घरी न्या अन् खाऊ घाला." रुखमाबाईला वाटलं, माणूस सुधारला. घरी सोडतात ते बरं झालेल्यालाच ना? पोरगं आईचं मन राखायला गेलं आणि केवढा घोटाळा करून बसलं.

बुधवारी ताटं वाढली. अंकुशनं चहा सोडला, तिनं गोड सोडलं. सोमाजीला बोलायचा त्रास व्हायचा, म्हणून त्याच्या वतीनं तीच बोलली.

"ह्यायचे झिंगे."

असं दुसऱ्याच्या वतीनं बोलायची रीत नव्हती. पण रुखमाबाई एकदा देवाशी बोलायला लागली की तिला कोण अडवणार? जितकं जिवाचं सोडू तितकं देव लवकर ऐकेल, एवढं साधं तिचं म्हणणं. सोमाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

पहिल्या शुक्रवारी तिनं अंबाडीची भाजी आणि मऊ भात केला. तो मुकाट्यानं जेवला. दुसऱ्या शुक्रवारी भात कमी झाला. ताटाकडे न बघता तो म्हणाला, "रुखमा, झिंगे आले असतीन."

"आले आहेत. ईस्टरले करतो ना, गंजभर करतो," ती म्हणाली. "तवापर्यंत चांगले बरे व्हा."

तिसऱ्या शुक्रवारी तो नुसती पेज प्यायला. शेजारच्या घरातून झिंग्यांचा वास येत होता. ती उठली आणि तिनं खिडकी आपटून लावली. राग शेजाऱ्यांवर काढला, स्वतःवर काढायची वेळ अजून आली नव्हती.

चौथ्या शुक्रवारी सकाळीच आलेल्या अंकुशनं बापाला पेजेच्या एका घोटासाठी धडपडताना पाहिलं आणि तो अंगणात येऊन रडायला लागला. "माय, दे त्यायले झिंगे. बरे झाले म्हनून नाई सोडलं डॉक्टरनं. महिना काढतीन म्हनला होता."

रुखमाबाईच्या हातातला पळा त्याच्या खांद्यावर बसला. "मले काऊन नाई सांगतलं?" ती ओरडली. मग पळा तिथंच टाकून ती उन्हातान्हाची चर्चकडे निघाली.

फादरनं सगळं ऐकून घेतलं. "बाई, आजाऱ्याला उपास नसतोच. कधीच नसतो," ते हळूच म्हणाले. "आणि दुसऱ्याच्या तोंडचं आपण कसं सोडणार? मला आधी विचारायचं होतं."

वरातीमागून घोडं आलं, पण आलं. तिथून ती तडक मासे विकणाऱ्या नीलाबाईच्या दारात गेली. घरी येऊन झिंगे निवडले, धुतले, वांगं घालून शिजवले. पातळ रस्सा काढला, फडक्यानं गाळला, फुंकून कोमट केला. एवढ्या मनापासून तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसुद्धा रांधलं नसेल.

वाटी जवळ आली तसे सोमाजीनं डोळे मिटले. वास त्याला पोचला होता, नाकपुड्या हलल्या. तिनं चमचा ओठांना लावला. ओठ उघडले नाहीत.

"घ्या ना. झिंगे आहेत."

त्यानं मान फिरवली. शब्दाशब्दाला थांबत म्हणाला, "तू बोलली ना देवापाशी?"

"फादर म्हंते चालते. आजाऱ्याले उपास नसते म्हंते."

"फादरले चालते. तुले नाई चालनार." तो दम घ्यायला थांबला. "मी खाल्लं, अन् गेलो, तं तू जनमभर म्हनशील, शब्द मोडला म्हनून मानूस गेला. मी वळखतो तुले."

"नाई म्हननार. अंकुशची आन. एक घोट घ्या, तुमच्या पाया पडतो."

"पेज दे," तो म्हणाला.

तिनं पेज दिली. दोन चमचे आत गेले, तिसरा ओठांच्या कोपऱ्यातून परत आला. रस्सा थिजून त्यावर साय धरली, तरी ती वाटी हातात धरून बसून होती. मंगळवारी सोमाजी गेला. ईस्टरला अजून एकोणीस दिवस होते.

पुढच्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला दोघंही गेले नाहीत. चूल अंकुशनंच पेटवली. भात थोडा करपला, वरणात मीठ घालायचं राहिलं. त्यानं दोन ताटं वाढली आणि आईच्या पुढ्यात बसला.

"जेव ना माय. बाबानं तुह्यासाठीच नाई खाल्लं. तुह्या जीवाले लागू नये म्हनून."

"मले माहीत आहे," रुखमाबाई म्हणाली. "एवढा वळखे मले, तं हे काऊन नाई समजलं त्याले? खाऊन गेला असता तं मी देवाशी भांडली असती, रडली असती, अन् एक दिवस जेवली असती." तिनं ताट बाजूला सारलं. "मानूस उपाशी गेला रे माह्या घरातून. आता मी घास कसा उचलू?"