न दाबलेलं बटण

मी माईक बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं मोठं करून सांगितलं. आज माझं बारीकसं ऐका.

कारखान्यातून निघालो तो थेट अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या हॉटेलात आलो. लग्नं ऐकली, भांडणं ऐकली, पण जीव रमला तो जाळेवाल्यांच्या सभेत. जगभरच्या यंत्रांना जोडणारं जाळं विणणारी ही माणसं. वाढलेल्या दाढ्या, चुरगळलेले टी-शर्ट, हातात बशीएवढी बिस्किटं. त्या वर्षी जाळ्यातल्या यंत्रांना द्यायचे पत्ते संपत आले होते. नवे कसे असावेत, यावर नुसता कालवा.

त्यांची एक रीत होती. हात वर करायचे नाहीत, मतं मोजायची नाहीत. तोंड मिटून गुणगुणायचं. हूंऽऽ! ज्या बाजूची गुणगुण मोठी, ती बाजू जिंकली. त्याआधी माझं बटण मात्र बंद करायचं, नाहीतर एकट्याचं हूं शंभरांचं होणार. या बाबतीत सगळ्यांत कडक म्हणजे ओर्विल. निम्म्या सभेचा गुरू तो. कुणी विसरलं की खेकसायचा, "बटण! घरी दिवे तरी मालवता का रे?"

त्या दिवशी सभा चालवणारी मार्गिट म्हणाली, "आज फक्त काय हवं ते ठरवायचं. कसं करायचं ते उद्या. आपापल्या आराखड्यांची पिल्लं पिशवीतच ठेवा."

गरजा लिहून आणल्या होत्या ओर्विलने. पडद्यावर वाक्य आलं: पत्त्याला तीन पायऱ्या असाव्यात. देश, कंपनी, घर.

नॉर्वेची सोल्वेग माझ्यापाशी आली. तिकडच्या मासेमारी बोटींचं जाळं ती सांभाळायची. मागोमाग ओर्विलही उठून आला.

"ओर्विल, ही गरज कुणाची?"

"सगळ्यांची, पोरी."

"माझ्या बोटींचं घर कुठलं? आज या बंदरात, उद्या त्या. दर वेळी पत्ता बदलला तर वादळात हाक कशी मारू? बोट कुठेही असो, हाक पोचावी, एवढंच मला हवंय. पायऱ्या किती, ते मग बघा."

मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, त्याच्या आराखड्यालाच तीन पायऱ्या आहेत!"

हशा उसळला. मी चाटच पडलो. नवरामुलगा कसा हवा हे ठरवायला बसावं आणि वर्णन करावं आपल्याच भाच्याच्या नाकाचं, तसं झालं की हे! लबाडी नव्हती हो. त्या आराखड्याशी म्हातारा इतकी वर्षं नांदला होता की गरज कुठे संपते आणि आपला आराखडा कुठे सुरू होतो, हे त्याला दिसेनासं झालं होतं. माझी दांडी आता त्याच्याच हातात होती. वाक्य राहिलं तर त्याचाच आराखडा निवडला जाणार. गेलं तर इतरांच्या आराखड्यांबरोबर त्याचीही परीक्षा.

मार्गिट म्हणाली, "वाक्य काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी गुणगुणावं."

ओर्विलचा अंगठा माझ्या बटणावर आला. थांबला. न दाबताच उचलला गेला.

सभा चिडीचूप. गुरूच्या विरुद्ध कोण हूं म्हणणार? एकट्या सोल्वेगची डासासारखी बारीक गुणगुण. आणि एकाएकी माझ्या तोंडाशी, हूंऽऽऽ! भोंगे दणाणले, टेबलावरचे कप खडखडले. ओर्विल! स्वतःच्याच लेकराविरुद्ध! माझ्या तारेतून काटा सरसरत गेला.

"ओर्विल, बटण," मार्गिट कशीबशी म्हणाली.

"अरेच्चा! म्हातारा झालो गं."

तिने पुन्हा कौल घेतला. आता मी बंद होतो, तरी सभेच्या गुणगुणीनं माझी दांडी थरथरली. वाक्य गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा आराखडा बोटींपाशीच अडला आणि पडला. तो उठला, दोन बिस्किटं घेतली, एक सोल्वेगला दिलं. "हं, सांग आता. तुझ्या बोटींना हाक मारायची कशी?"

आता मी तळघरात, मोडक्या खुर्च्यांत पडलोय. तार उसवली, जाळीला गंज चढला. भंगारात घालायचं तर खुशाल घाला. पण जाता जाता सांगतो, आजवर कुणापाशी बोललो नाही: तो अंगठा विसरला नव्हता.