एक दिवसाआड

दगूबाई गेल्यानंतरच्या गंधमुक्तीच्या विधीला आठवडा झाला आणि एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी केंद्राचा हेमकांत मोटारसायकलवरून रनाळ्याला आला. ओट्यावर बसलेल्या मोतीलालआबांनी लेकीला, कामिनीला, हळूच बजावलं, "कोनी इचारं ते सांगजो, म्हशीसना डागदर शे."

हेमकांत कसनुसा हसला. मग त्याने पिशवीतून कागद काढला. दगूबाईच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल मागाहून आला होता. रक्तात विषाणू बेसुमार वाढलेले.

"ताई, आमच्याकडच्या सगळ्यात नियमित पेशंटमध्ये त्यांचं नाव होतं. सहा वर्षांत गोळ्या न्यायला एकही महिना चुकल्या नाहीत. मग असं कसं झालं?"

कामिनीला ते लागलं. आईच्या तोंडातले पांढरे चट्टे तिनेच पुसले होते, झिजलेलं अंग तिनेच उचललं होतं. शेवटी टीबी मेंदूत गेला, तेव्हा आईने तिलाही ओळखलं नाही.

"मी नाशिकला होते तेव्हा रोज फोनवर विचारायचे," ती म्हणाली. "घेतली म्हणायची."

आबा खोकले. दोन महिने हाच कोरडा खोकला. तपासणीला ते कधीच गेले नव्हते. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत गावभर होतो, असं म्हणत. ट्रकवर असतानाच्या वर्षांबद्दल तर ते बोलतच नसत.

"गोळी घरमाच खपे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "एक दिन ती खाये, एक दिन मी. ती म्हने, तुम्ही येतस नही ना, मंग मन्हामातली ल्या."

हेमकांतने कागदाची घडी घातली. मग शब्द निवडत त्याने सांगितलं. एक दिवसाआड घेतलेली गोळी निम्मंही काम करत नाही. विषाणू तिला सरावतात, आणि मग ती दोघांनाही लागू पडत नाही. आबांची तपासणी आजच व्हायला हवी. दुसऱ्या गोळ्या आहेत, पण उशीर नको.

आबा कामिनीकडे वळले.

"तिले हाई माहीत व्हतं का?"

एकही दिवस चुकवू नका, हे हेमकांत दर महिन्याला दगूबाईला बजावत असे. त्याने मान खाली घातली. कामिनीने ते पाहिलं.

"नही, आबा," ती म्हणाली. "तिले कसं माहीत ऱ्हाई?"

आबा खांबाला धरून उठले. मग त्यांनी हेमकांतला विचारलं, "रगत देवाले उपाशी जानं पडी का?"

"नाही आबा. जेवून चला."

कामिनी भाकरी वाढायला आत गेली.