चार लेंड्या

आधीच रबाळ्यातली आमची वन रूम किचन, त्यात माझ्या लेकीने, दीक्षाने, ससा आणला. माझं डोकंच फिरलं. त्याचा शी-शूचा ट्रे मी रोज फिनेलने घासायचे, आणि हा लेंड्या टाकायचा सोफ्यामागे!

"मम्मी, तू वासच पुसून टाकतेस. त्याला जागा कळणार कशी?" दीक्षाने मुद्दाम चार लेंड्या ट्रेमध्ये ठेवल्या, वर गवत पसरलं.

ससा आला. ट्रे हुंगला, टुणकन आत बसला आणि गवत चघळत सगळं तिथंच उरकलं. एवढासा जीव, पण वासावरून आपली जागा ओळखली! माझ्या हातातला पोछा तसाच राहिला.

आई जाऊन सात वर्षं झाली. कपाटातली तिची गोधडी मी अजून धुतलेली नाही.