धुरी दिलेली गाडी

आईने ऊदाचं धुपाटणं गाडीच्या उघड्या दारातून आत धरलं आणि धूर आधी स्टिअरिंगभोवती, मग सीटच्या पाठीभोवती सावकाश फिरवला. गाडी इतकी बुटकी, की म्हातारीला कमरेत दुमडावं लागत होतं. जर्राह बाजूला उभा राहून किल्ली या हातातून त्या हातात करत होता. ही किल्ली एरवी आईच्याच जुडग्यात असायची. तो कामासाठी सारखा परदेशी, आणि घरात आईइतकं विश्वासाचं दुसरं कोण होतं?

"युम्मा, निखारा पडेल. आत सगळं चामडं आहे."

"तुझ्या वडिलांच्या गाडीत पडला का कधी? गाडी दाराबाहेर पडायची तर धुरी पाहिजेच. मी चुकवत नाही. तू कुठे असतोस बघायला!" तिने डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली. "या अल्लाह, तुझ्या हवाली केलंय. नायेफला सांभाळ... मिशारीला... जर्राहला सांभाळ."

जर्राहने मान खाली घातली. हवं ते नाव सापडेपर्यंत म्हातारी माणसं घरातल्या सगळ्या नावांतून हिंडून येतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी अजूनही नायेफचंच नाव सगळ्यात आधी आलं होतं.

नायेफ त्याच्या बहिणीचा मुलगा. जर्राहच्या मुलापेक्षा, मिशारीपेक्षा, वर्षाने मोठा, आणि इतका उंच की दिवानियाच्या, पुरुषांच्या बैठकीच्या, दारातून वाकून आत यायचा. गेल्या हिवाळ्यात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नव्यानेच घेतलेल्या जुन्या गाडीच्या अपघातात तो गेला. दफनाच्या वेळी खणलेली जागा अपुरी पडली होती. माणसं खांद्यावर ताटी घेऊन उभी राहिली आणि फावडी पुन्हा चालवावी लागली. फावड्यांचा तो आवाज जर्राहच्या कानातून अजून गेला नव्हता.

त्या दिवसापासून त्याला एकच धास्ती होती. मिशारी एकोणीस वर्षांचा होता. मित्राच्या गाडीत बसून जरी कुठे गेला तरी तो परत येऊन फाटक लागेपर्यंत जर्राह अंथरुणात जागा राहायचा. आता त्याने ठरवलं होतं ते असं: ही पिवळी गाडी विकून टाकायची, गिऱ्हाईकही ठरलं होतं. पण त्याआधी एकदा तिला शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, मुलाला शेजारी बसवायचं आणि वेग म्हणजे काय हे त्याला असं दाखवायचं की वेग घ्यायला जन्मभर त्याचा पाय कचरला पाहिजे.

बेत चांगला होता. अडचण एवढीच होती, की वेगाने गाडी चालवायला जर्राह स्वतःच घाबरत होता. ती त्याने हौसेने घेतली, दिवानियापर्यंत नेली, परत आणली आणि कापड घालून ठेवली. मित्र म्हणायचे, "जर्राहची गाडी म्हणजे सौंदर्यस्पर्धेतला उंट. पळायचं नाही, नुसतं उभं राहून पापण्या हलवायच्या."

"युबा, निघायचं ना?" मिशारी चहाचा थर्मास घेऊन आला. आजीने त्याचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढून कपाळाचा मुका घेतला.

जर्राह सगळ्यात उजवीकडची, सावकाश जाणाऱ्यांची वाट धरून निघाला. दोन्ही बाजूंना वाळवंटात हिवाळ्याचे तंबू लागले होते. पाण्याचा एक टँकर त्यांना मागे टाकून गेला. मिशारी खिडकीबाहेर बघत राहिला, आणि तो हसतोय की काय अशी शंका जर्राहला येऊन गेली.

ट्रॅकवर हुसेन नावाचा एक बहारीनचा माणूस शिकवायला होता. आधी तो प्रत्येक गाडी तपासत होता.

"या, बू मिशारी, या!" तो म्हणाला. थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारली की माणूस जरा ताठ उभा राहतो, तसा जर्राह राहिला. हुसेनने बसून मागच्या चाकावरून तळवा फिरवला, दुसऱ्या चाकावरून फिरवला आणि वर बघून डोळा मारला. "टायर संपत आलेत की! आजचा दिवस निघेल, पण काय हो, पहिलीच वेळ म्हणालात ना फोनवर? आम्हाला बनवता होय?"

"पहिलीच आहे," जर्राह म्हणाला. पण त्याला गुदगुल्या झाल्या. आपल्याला कोणी वेडावाकडा चालवणारा समजावं, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं. उन्हाने झिजले असतील टायर, उभ्या गाडीचेही झिजत असतील. मिशारी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

हुसेनने दोघांच्याही मनगटाला चालवणाऱ्यांची कागदी पट्टी बांधली. "पोरगाही चालवणार ना?"

"नाही. तो नुसता बसणार."

"बांधलीय तर राहू दे. ऐका आता दोघं. मागून कोणी दिवे मारले तर रस्त्यावर करता तसं घाबरून बाजूला व्हायचं नाही. आपली वाट सोडायची नाही. ज्याला पुढे जायचंय तो त्याचं बघेल. तुम्ही एकदम हललात, तर मग तुम्ही दोघंही गेलात."

"गेलात म्हणजे?" जर्राहने विचारलं.

"म्हणजे घरी गेलात," हुसेन हसून म्हणाला. "टेम्पोत घालून."

आईने दिलेला डबा मिशारीने उघडला. उकडलेले चणे होते, वाळलेलं लिंबू घालून केलेले, जर्राहच्या खास आवडीचे. जर्राहने एक तोंडात टाकला आणि तो चावायचाच राहिला. थोड्या वेळाने त्याने तो हळूच रुमालात काढला.

पहिली फेरी हुसेनच्या गाडीमागून होती. तीही जर्राहला जड गेली. हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास एखाद्या आजारी माणसाच्या श्वासासारखा ऐकू येत होता. वळणं पुढच्या काचेत एकदम उगवत होती. काचा खाली ठेवायचा नियम होता, त्यामुळे गार वारा आत घुसत होता आणि तरीही पाठीवरून घाम ओघळत होता. मग हुसेनची गाडी बाजूला झाली आणि समोरचा रस्ता मोकळा राहिला.

"कसं वाटतंय?" त्याने ओरडून विचारलं.

"छान!" मिशारी ओरडला. त्याचे हात मांडीवर नुसते ठेवलेले होते. जर्राहला ते आवडलं नाही. त्या हातांनी काहीतरी घट्ट धरायला हवं होतं.

दुसऱ्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या तोंडाशी, आरशात दिवे लखलखले. एक काळी गाडी पार मागच्या बंपरला येऊन चिकटली होती. पुन्हा दिवे. जर्राहची सारी हयात ज्या रस्त्यांवर गेली तिथे दिवे मारले की बाजूला व्हायचं असतं; त्याचे हात आपोआप उजवीकडे वळायला निघाले. तेवढ्यात त्याला हुसेनचे शब्द आठवले, आणि हलायचं नाही, थांबायचं नाही, मग करायचं काय, हे न सुचून त्याने पाय दाबला.

गाडी अशी सुटली की त्याची मान मागे आपटली. मागच्या इंजिनाचा आवाज पाठीच्या मणक्यातून चढला. दिवे मागे पडले, पण त्याला वाटलं ते अजून आहेत, म्हणून त्याने आणखी दाबला. वेगाच्या आकड्यात दोनशे येऊन गेले, ते त्याला दिसलं पण कळलं नाही. वळणावरचा कठडा समोरून येत होता. त्यापलीकडे वाळू होती. आपण या पोराला मारणार, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. मी माझ्या हाताने याला मारणार.

त्याने ब्रेकवर दोन्ही पाय द्यावेत तसा पाय दिला. गाडीने डावीकडे हिसका घेतला. घाबरून त्याचा पाय सुटायला लागला.

"सोडू नका!" मिशारीचा आवाज मोठा होता, पण त्यात घाई नव्हती. "दाबून धरा, युबा. एवढ्या वेगात ब्रेक लावला की ती डावीकडे ओढतेच. स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरा. जरासंच. हां. आता येईल ती. आता मागून थोडी घसरल्यासारखी वाटेल, घाबरू नका, स्वतःच सावरते."

गाडी मागून थोडी घसरल्यासारखी झाली. मग स्वतःच सावरली. वळण मागे गेलं. काळी गाडी बाजूने शांतपणे निघून गेली आणि तिच्या चालकाने हात वर केला.

जर्राहने पुढचं वळण गाडी ढकलत न्यावी तसं पार केलं. एवढ्या वेगात ती डावीकडे ओढतेच. त्याने ही गाडी कधी एवढ्या वेगात नेली नव्हती. त्याला माहीत नव्हतं. विकणाऱ्यालाही माहीत नसणार. मग सकाळचं एकेक त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागलं: झिजलेले टायर, बुटाची नाडी, आईच्या जुडग्यातली किल्ली. तू कुठे असतोस बघायला.

आता त्याला जी भीती वाटली, ती मघाच्या भीतीसारखी नव्हती. मघाची कठड्याला तरी बांधलेली होती. ही रस्त्यांवर पसरत गेली, तो परदेशी हॉटेलात गाढ झोपलेला असताना इथे घडून गेलेल्या रात्रींवर, जिथे ना कठडा होता, ना वाळू, ना हुसेन. उरलेली फेरी त्याने सायकलच्या वेगाने पुरी केली. दिवे मारणारे मारत राहिले.

गाडी थांबवून त्याने इंजिन बंद केलं. तापलेला धातू टिकटिकत होता. हेल्मेट काढून त्याने मांडीवर घेतलं. मिशारीनेही काढलं. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. काय बोलून गेलो, हे त्याच्याही आता लक्षात आलं होतं.

"युबा—"

"उतर."

दोघं उतरले. जर्राहला ओरडायचं होतं. पण त्याला गाडीच्या दाराला धरून उभं राहावं लागलं, आणि दाराला धरलेल्या माणसाला ओरडता येत नाही. शेवटी त्याने मुलाच्या मनगटावरच्या कागदी पट्टीकडे बघितलं.

"बस तिकडे. चालवायच्या जागेवर."

मिशारी हलला नाही.

"बस म्हटलं ना. मला बघायचंय तू कसा चालवतोस. इथे बघायचंय."

मिशारी बसला. हात सीटखाली घालून तो उगाच चाचपडायला लागला, सीट कशी सरकवतात हे माहीत नसल्यासारखा. जर्राह वरून बघत होता. दाराच्या आतल्या बाजूला तीन बटणं होती, सीट आणि आरसे एकेका माणसाच्या मापाने लक्षात ठेवणारी. एक नंबर त्याचा. गाडी घेतली तेव्हा दुकानातल्या पोराने त्याच्या मापाने बसवून दिला होता. बाकीच्या दोघांकडे त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

"नाटक पुरे," तो म्हणाला. "तुझं कोणतं?"

मिशारीने मान खाली घालून दोन नंबर दाबला. सीट हळूच पुढे सरकली, उंच झाली. दोन्ही आरसे त्याच्या नजरेकडे वळले. सगळं अंगाला बसलं, रोजच्या कपड्यासारखं.

जर्राह थोडा वेळ त्या आरशांकडे बघत राहिला. मग तो वाकला आणि त्याने तीन नंबर दाबला.

सीट खाली गेली आणि मागे जायला लागली. जर्राहच्या मापापाशी थांबली नाही. तिथून आणखी मागे गेली, आणखी, मिशारीचे पाय पेडलांवरून सुटले आणि त्याचे हात स्टिअरिंगपासून लांब गेले, तरी ती जातच होती. शेवटाला टेकून ती थांबली. आरसे वर झाले. आता त्यांत फक्त आभाळ दिसत होतं.

पलीकडे कोणाच्या तरी गाडीचं इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं.

"मला पुसता आलं नाही त्याचं माप," मिशारी म्हणाला. एवढ्या मागे बसलेला तो अगदी लहान दिसत होता. "दोनदा दाबायला गेलो. नाही झालं."

जर्राहने दाराची कड सोडली. मग पुन्हा वाकून स्वतःच दोन नंबर दाबला, आणि सीट त्याच्या मुलाला हळूहळू पुढे घेऊन येईपर्यंत, त्याचे पाय पेडलांना लागेपर्यंत तो वाकलेलाच राहिला.

"तिसऱ्याला हात लावू नकोस," तो म्हणाला. "राहू दे."

मग तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, आत बसला. पट्टा लावायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. आत अजून सकाळच्या ऊदाचा वास होता. हुसेनने लांबून हात हलवला, रस्ता मोकळा आहे म्हणून.

"हळू जाऊ का, युबा?"

"तू जसा जातोस तसा जा."

गाडी सुटली. जर्राहने एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने सीट, आणि डोळे घट्ट मिटून आईचे शब्द पुटपुटायला सुरुवात केली. सकाळी तिने घेतली होती ती नावं त्याने त्याच क्रमाने घेतली. स्वतःचं सगळ्यात शेवटी घेतलं.