उलट्या वर्गातला प्रश्न

पत्त्याएवढं कार्ड, कोपरा दुमडलेला — ‘वाचक : पक्ष्यांवरचं पुस्तक मागतो.’ अक्षर आपलंच आहे हे आयरीला दिसत होतं, कधी लिहिलं ते आठवत नव्हतं... कॅनडातल्या थंडर बे गावच्या ग्रंथालयाच्या तळघरात सात नवे ग्रंथपाल जोड्या करून बसले होते. प्रत्येक जोडीत एक ग्रंथपाल, एक खोटा वाचक. कॉलीन एकटी उरली, म्हणून शिकवणारी आयरीच तिची वाचक झाली होती.

व्याख्यान सगळ्यांनी घरीच बघितलेलं. उलटा वर्ग — शिकवणं आधी पडद्यावर, वर्गात नुसता सराव. मागच्या वर्षी तिनंच हट्टानं ही पद्धत आणली, आणि चित्रीकरण रेइनोनं केलं, तिच्या नवऱ्यानं, घरच्या स्वयंपाकघरात, कॅमेऱ्यामागून वेडावून दाखवत; म्हणून पडद्यावरची आयरी, ती बाई, मध्येच हसते. रेइनो मार्चमध्ये गेला. सांगण्यासारखं सगळं ती बाई सांगून मोकळी झाली — मला उरलंय ते खोलीत असणं. सोयीचंच आहे. बोलावं लागत नाही...

“व्हिडिओत कसल्या हसता हो तुम्ही!” समोरची कॉलीन म्हणाली. “माझी आई म्हणते, ही बाई शिकवणार असेल तर मीपण येते.”

“ये की म्हणावं.” ओठ हलले, एवढंच.

कॉलीन सावरून बसली. “बोला, काय मदत करू?”

“पक्ष्यांवरचं पुस्तक हवंय.”

कॉलीन उठली नाही. पहिल्या मागणीवर थांबू नका, खरं काय हवंय ते दुसऱ्या प्रश्नानंतर कळतं — हे पडद्यावरच्या त्या बाईचंच वाक्य.

“पक्ष्यांबद्दल नेमकं काय शोधताय?”

उत्तर कार्डाच्या मागे होतं — खिडकीशी येणारं पाखरू ओळखायचंय. वाचायचं, बस्स.

“एका माणसापुरता रस्सा किती करायचा,” आयरी म्हणाली, “ते कुठल्या पुस्तकात असतं?”

बाजूच्या जोड्यांची बडबड चालूच होती. “हे... कार्डावर आहे?” कॉलीननं हळूच विचारलं.

“नाही.”

“मग आत्तापर्यंत किती करत होतात?”

दोघांचा. अजूनही दोघांचाच — सात महिने, सॅल्मनचा रस्सा, उरलेला सिंकमध्ये... हे तिनं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. सगळे विचारायचे, कशी आहेस; बरी म्हटलं की भागायचं. या पोरीनं नियमाप्रमाणे विचारलं आणि गप्प राहिली — तेही आयरीनंच शिकवलेलं, दहापर्यंत मोजा, शांतता भरून काढू नका... आयरी मनात मोजू लागली. सहा. सात. छातीत दुखायला लागलं होतं, गारठलेली बोटं शेकोटीला धरल्यावर दुखतात तसं, आणि कॉलीन अजून थांबलीच होती.